नवरोज: सात 'सीन' आणि बाकीचं बरंच काही

रानजाई | १९ मार्च २०२५, रात्री ९:१०

दर मार्चात व्हॉट्सॲपवर एक चित्र फिरतं. पांढऱ्या कापडावर मांडलेल्या सात वाट्या आणि खाली यादी: सफरचंद म्हणजे सौंदर्य, लसूण म्हणजे आरोग्य, व्हिनेगर म्हणजे संयम. वर मथळा, "इराणी लोकांचा गुढीपाडवा". कालपासून मला ते तीन-चार ग्रुपवर आलंय. चित्र छानच आहे, पण नवरोज तेवढ्यावर आटोपतो असा समज होतो, म्हणून हा धागा. मी काही वर्षं फारसी शिकले. शिवाय पुण्यात बरेच इराणी विद्यार्थी असायचे त्या काळात आमच्या वरच्या मजल्यावर शिराझचं एक जोडपं भाड्याने राहायचं. खालचं बरंचसं त्यांच्या घरात बघितलेलं, बाकी वाचलेलं.

आधी वेळेबद्दल. पाडवा सूर्योदयाच्या तिथीवर ठरतो, इंग्रजी वर्ष रात्री बाराला लागतं. नवरोजला असा बांधलेला वेळ नाही. सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो तो वसंतसंपाताचा क्षण हेच नवं वर्ष, मग तो पहाटे येवो नाहीतर भर दुपारी. त्याला तहवील-ए-साल म्हणतात. यंदा तो उद्या तेहरानच्या घड्याळात दुपारी १२:३१ ला आहे, आपल्याकडे २:३१ ला. गेल्या वर्षी तेहरानला सकाळी ६:३६ ला होता. लॉस एंजेलिसमधले इराणी उद्या पहाटे दोनला उठून, नवे कपडे घालून बसलेले असतील. टीव्हीवर उलटी मोजणी, मग तोफेचा आवाज, मग सोर्ना (सनईसारखं वाद्य) आणि नगाऱ्याची ठरलेली धून. वरच्या शेजारणीच्या लॅपटॉपवर ती धून सुरू झाली की ती आधी ढसाढसा रडायची, मग नवऱ्याला, मला, माझ्या आईला मिठ्या मारायची, आणि लगेच शिराझला फोन. फोन अर्थातच लागायचा नाही, कारण त्या मिनिटाला अख्खा देश फोनवर.

तयारी मात्र कितीतरी आधीपासून चाललेली असते. पहिली खाने-तकानी, म्हणजे घर झाडून-झटकून काढणं. पडदे, गालिचे, माळ्यावरच्या वस्तू, सगळं खाली. हे करताना त्या लोकांना बघितल्यावर आपली दिवाळीची साफसफाई अगदीच लाडाकोडाची वाटते. मग वर्षाचा शेवटचा गुरुवार. या दिवशी कबरस्तानात जायचं, आपल्या माणसांच्या कबरी पाण्याने आणि गुलाबजलाने धुवायच्या, फुलं ठेवायची, खजूर आणि हलवा वाटायचा. व्हॉट्सॲपच्या चित्रात हे कधी नसतं, आणि मला विचाराल तर नवरोजचं मूळ इथे जास्त आहे. वर्षाचा पहिला महिना फरवर्दीन. जरथुष्ट्री धर्मात फ्रवशी म्हणजे पूर्वजांचे, पुण्यवंतांचे आत्मे, त्यांचा हा महिना. जुन्या वर्षाच्या शेवटच्या दिवसांत ते घरी येतात अशी श्रद्धा. घर घासूनपुसून लख्ख करायचं, दिवा लावायचा, खायला मांडून ठेवायचं ते पाहुण्यांसाठी, आणि हे पाहुणे मेलेले. मुंबईच्या पारशांचे मुक्ताद हे याच दिवसांचं रूप.

वर्षाच्या शेवटच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे यंदा काल, चहारशंबे सूरी. गल्लीत वाळक्या काटक्यांचे छोटे छोटे ढीग ओळीने पेटवायचे आणि त्यांवरून उड्या मारायच्या. उडी मारताना आगीला म्हणायचं: माझा पिवळेपणा तुला, तुझा लालपणा मला. पिवळेपणा म्हणजे आजारपण, फिकटपणा. हल्ली तेहरानमध्ये फटाक्यांनी या रात्रीची पार वाट लावली आहे, दर वर्षी माणसं भाजतात. जुन्या पद्धतीत मुलं-मुली चादर पांघरून, चेहरा झाकून, चमच्याने वाटी वाजवत दारोदार जायची आणि लोक वाटीत सुकामेवा टाकायचे. आमच्या गच्चीवर शेजाऱ्यांनी एकदा वर्तमानपत्रांची एवढीशी आग केली होती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी काय केलं ते सांगत नाही.

आता सात सीन. 'सीन' हे फारसी लिपीतलं स हे अक्षर. त्याने सुरू होणाऱ्या सात वस्तू. सब्जे (उगवलेले गहू किंवा मसूर), समनू (गव्हाच्या मोडांचा आटवलेला गोड लगदा), सेंजेद (बोराएवढं सुकं फळ, पिठूळ गोडसर), सीर म्हणजे लसूण, सीब म्हणजे सफरचंद, सोमाग (आंबट लालसर पूड, कबाबवर घालतात ती), सेर्के म्हणजे व्हिनेगर. एखादी नसेल तर सेक्के म्हणजे नाणी किंवा सोंबोल म्हणजे हायसिंथचं फूल. शिवाय स नसलेल्या कितीतरी वस्तू: आरसा, मेणबत्त्या, रंगवलेली अंडी, वाडग्यातला सोनमासा, पाण्यात तरंगणारं संत्रं, आणि एक पुस्तक. धार्मिक घरात कुराण, दुसऱ्या घरात कवी हाफिजचा दिवान (काव्यसंग्रह) किंवा शाहनामा (जुन्या इराणी राजांचं महाकाव्य), पुष्कळ घरांत दोन्ही.

यातल्या प्रत्येकाचा 'अर्थ' सांगणाऱ्या याद्या मला फारशा पटत नाहीत. शेजारणीच्या सासूबाई एकदा शिराझहून आल्या होत्या. त्यांना मी लसूण का, असं विचारलं तर म्हणाल्या, "का म्हणजे? सीनने सुरू होतो ना." आकडा सात जुना आहे. अल-बिरूनी, जो पुढे गझनीच्या महमूदाच्या काळात आपल्याकडे आला, त्याने इ.स. १००० च्या सुमारास लिहून ठेवलंय की नवरोजला सात प्रकारची धान्यं सात खांबांवर पेरायची आणि कोणतं जोमाने उगवतं त्यावरून पिकाचा अंदाज बांधायचा अशी रीत होती. म्हणजे शेतकऱ्याची बियाणं-चाचणीच. एकमेकांवर पाणी उडवणं, साखर भेट देणं हेही तो सांगतो. स अक्षराबद्दल तो चकार शब्द काढत नाही. सात सीनचा घरोघरी प्रसार अलीकडचा, फार तर गेल्या शे-दीडशे वर्षांतला दिसतो. म्हणून ते खोटं ठरत नाही; आपला सार्वजनिक गणपतीही फार जुना नाही. पण "३००० वर्षांपूर्वीपासून सात सीन" असं कोणी लिहिलं की हसू येतं.

तहवील झाल्यावर खरा कार्यक्रम: भेटीगाठी. त्यात क्रम महत्त्वाचा. लहानांनी मोठ्यांकडे आधी जायचं, मग मोठे परतभेटीला येणार. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल त्यांच्याकडे सगळ्यांत आधी. त्या घरचा तो 'पहिला ईद' असतो, आणि शोक उतरवायला नातेवाईक तिथे जमतात. घरातल्या ज्येष्ठांनी मुलांना ईदी द्यायची, कोऱ्या करकरीत नोटा, बरेचदा कुराणाच्या पानांत ठेवलेल्या. जेवायला हिरव्या पालेभाज्यांचा भात आणि तळलेला मासा. हे सगळं तेराव्या दिवसापर्यंत. तेराव्याला घरात थांबायचं नाही, उठून रानात, नदीकाठी, निदान बागेत जायचं. त्याबद्दल प्रतिसादांत लिहीन, इथे फार लांबलं.

---

चिंगी | १९ मार्च, रात्री ९:४४

मस्त लिहिलंयस गं. सासूबाईंचं उत्तर तर अगदी आमच्या आजीच्या वळणाचं. पण एक कळलं नाही. आपल्याकडे पारशांचा नवरोज ऑगस्टमध्ये असतो ना? शाळेला सुट्टी असायची, पतेती म्हणून. मग हा मार्चचा कोणता?

---

पंचांगी | १९ मार्च, रात्री १०:२०

हे माझ्या खात्यात येतं म्हणून लिहितो.

जुनं जरथुष्ट्री वर्ष ३६५ दिवसांचं: ३० दिवसांचे १२ महिने आणि शेवटी ५ गाथा दिवस. लीप दिवस नाही. त्यामुळे दर ४ वर्षांनी वर्षारंभ एक दिवस मागे सरकतो. शतकानुशतकं सरकत सरकत पारशांच्या शहेनशाही पंचांगाचा नवरोज आज ऑगस्टच्या मध्यावर येऊन बसलाय. भारतात आलेल्यांनी मध्ये एकदा एक जादा महिना धरला, इराणात राहिलेल्यांनी धरला नाही, म्हणून दोघांत एका महिन्याचा फरक पडला. १७४५ मध्ये सुरतेत काही मंडळींनी इराणची गणना स्वीकारली, ते कदमी. त्यांचं वर्ष जुलैमध्ये. यावरून तेव्हा मोठी भांडणं झाली. पुढे १९०६ मध्ये मुंबईत खरशेदजी कामा यांनी फसली पंचांगाचा पुरस्कार केला, ज्यात वर्ष कायम २१ मार्चला सुरू होतं.

आणि पतेती म्हणजे खरं तर वर्षाचा शेवटचा दिवस, पश्चात्तापाचा. त्या दिवशी "पतेती मुबारक" म्हणणं जरा विचित्रच आहे, पण आता सगळे म्हणतात.

इराणचं आजचं पंचांग वेगळं. १०७९ मध्ये सेल्जुक सुलतान मलिकशाहाने खगोलज्ञ बसवून गणना सुधारून घेतली, त्यात उमर खय्याम होता. हो, तोच रुबायांवाला. त्यावर आधारलेलं पंचांग १९२५ मध्ये इराणने कायद्याने लागू केलं. पहिले ६ महिने ३१ दिवसांचे, पुढचे ५ महिने ३० चे, शेवटचा इस्फंद २९ चा, लीप वर्षी ३० चा. यात एक गंमत यंदा लागू पडते. संपात तेहरानच्या माध्यान्हाआधी झाला तर तोच दिवस १ फरवर्दीन, नंतर झाला तर दुसरा दिवस. उद्या संपात १२:३१ ला, म्हणजे अर्ध्या तासाने हुकला. म्हणून क्षण २० ला असला तरी इराणी १४०४ सालचा पहिला दिवस २१ मार्च.

आपलं सरकारी राष्ट्रीय पंचांग (जे आकाशवाणीशिवाय कोणी वापरत नाही) तेही २२ मार्चला सुरू होतं, लीप वर्षी २१ ला. १९५७ पासून लागू आहे.

---

दादर_पूर्व | १९ मार्च, रात्री ११:०५

पंचांगी, उत्तम. थोडी मुंबईची भर घालतो. पारशी कॉलनीच्या शेजारी आयुष्य गेलं आमचं.

पारशी दोन्ही साजरे करतात. ऑगस्टचा मोठा, मार्चचा तो 'जमशेदी नवरोज'. सकाळी न्हाऊन अग्यारीत, दाराला तोरण, आणि उंबऱ्यात चॉक. हे चॉक म्हणजे रांगोळीच, पण हाताने काढत नाहीत. पत्र्याच्या चपट्या डब्या असतात, तळाला भोकं पाडून नक्षी केलेली. आत पांढरी पूड भरून डबी उंबऱ्यावर टेकवून ठोकली की माशाचं नाहीतर फुलाचं चित्र उमटतं. शेजारच्या मावशी मला लहानपणी माशांची डबी द्यायच्या आणि मी सगळा जिना माशांनी भरून ठेवायचो. नाश्त्याला तुपात परतलेल्या शेवया, वर बेदाणे-चारोळी, सोबत गोड दही. दुपारी धन-दार आणि पात्यो, म्हणजे पांढरा भात, साधं वरण आणि कोळंबीचं आंबट-गोड-तिखट.

पण रानजाईंनी लिहिलेलं टेबल पारशांकडे सहसा नसतं, ते इराण्यांकडे असतं. इराणी म्हणजे १९ व्या शतकात आणि २० व्याच्या सुरुवातीला याझ्द आणि केरमानकडून आलेले जरथुष्ट्री, ज्यांनी मुंबई-पुण्यात हॉटेलं काढली. त्यांच्याकडे मार्चचा नवरोजच मोठा. घरात शिरलात की हातावर गुलाबपाणी शिंपडतात आणि आरशात बघायला लावतात. आरशात बघून हसायचं. न हसता बघितलं तर आजीबाई पुन्हा बघायला लावतात, हे स्वानुभवाने सांगतो.

---

खडूस_काका | २० मार्च, सकाळी ७:१५

लेख ठीक. पण सरळ लिहा ना, हे सगळं मूळचं आपलंच. आगीवरून उड्या म्हणजे होळी, साफसफाई म्हणजे दिवाळी, पूर्वज येतात म्हणजे पितृपक्ष, वसंतातलं नवं वर्ष म्हणजे पाडवा. इथूनच गेलंय तिकडे.

---

रानजाई | २० मार्च, सकाळी ८:०२

काका, सुप्रभात. :)

इराणी आणि वैदिक लोकांचे पूर्वज एका कुळातले, भाषा बहिणी-बहिणी, त्यामुळे अग्नी आणि पितर यांच्याबद्दलच्या कल्पना जुळणारच. त्यात कोणी कोणाकडून उचललं असं म्हणायला काही आधार पाहिजे. तिकडेही हीच खोड आहे बरं. पर्सेपोलिस, म्हणजे प्राचीन इराणी राजांची राजधानी, नवरोजच्या दरबारासाठीच बांधलं, असं इराणी लोक छातीठोकपणे सांगतात. तिथल्या जिन्यांवर भेटवस्तू घेऊन येणारी माणसं कोरली आहेत हे खरं, पण ते बांधणाऱ्या अकेमेनिड राजांच्या एकाही शिलालेखात नवरोजचं नाव नाही. शाहनाम्यातली गोष्ट अशी की राजा जमशेदने रत्नजडित सिंहासन करवून घेतलं, दैत्यांनी ते उचलून आकाशात नेलं, तो सूर्यासारखा तळपला आणि लोकांनी त्या दिवसाला नवरोज म्हटलं. जमशेद म्हणजे अवेस्ता या जरथुष्ट्री धर्मग्रंथातला यिम, आपला यम. घ्या, हा तुमच्यासाठी.

आणि होळी-चहारशंबे सूरी यांच्यात मोठा फरक आहे. होळीत काहीतरी जाळायचं असतं. तिथे जाळायचं काही नाही, आगीशी देवाणघेवाण करायची असते.

---

खडूस_काका | २० मार्च, सकाळी ८:३०

यमाचं ठाऊक होतं. बाकी बरं. एक विचारतो, टोमणा नाही. इस्लामी राजवटीत हे चालू कसं देतात?

---

रानजाई | २० मार्च, सकाळी ९:१२

चालू देतात म्हणण्यापेक्षा थांबवता आलं नाही म्हणा. १९७९ च्या क्रांतीनंतर काही मौलवींनी नवरोजवर, विशेषतः आगीच्या रात्रीवर, अग्निपूजकांचा सण म्हणून टीका केली. लोकांनी लक्ष दिलं नाही. शेवटी सुट्ट्या तशाच राहिल्या: १ ते ४ फरवर्दीन सरकारी सुट्टी, शाळा तेराव्यापर्यंत बंद. तेराव्या दिवसाला सरकारी पंचांगात 'निसर्ग दिन' असं सोज्वळ नाव मिळालं. उलट टोकाचं उदाहरणही आहे. १९७६ मध्ये इराणच्या शहाने हिजरी गणना टाकून सायरस या प्राचीन राजापासून वर्षं मोजायला लावली, लोक एका रात्रीत १३५५ मधून २५३५ मध्ये गेले. अडीच वर्षांत तो निर्णय मागे घ्यावा लागला. इराणी माणूस आपल्या पंचांगाला वरून हात लावू देत नाही, राजा असो की मौलवी.

पण दोन्ही एकत्र नांदतातही. तहवीलच्या वेळी म्हणतात ती दुआ अरबीत आहे: हृदयं आणि दृष्टी पालटणाऱ्या, आमची अवस्था उत्तम अवस्थेत पालटव. यंदा तर रमजान चालू आहे, आणि त्यातले इमाम अलींच्या शहादतीचे शोकाचे दिवस नेमके याच आठवड्यात आलेत. त्यामुळे आज सुफऱ्यासमोर (सात सीन मांडलेल्या कापडासमोर) कित्येक जण रोजा धरून बसतील आणि तो भात-मासा इफ्तारनंतर.

आपल्याकडचाही एक किस्सा. अकबराने नवरोज मुघल दरबारात मोठ्या थाटात आणला, जहांगीर आपल्या आठवणी प्रत्येक नवरोजपासून मोजून लिहितो, आणि औरंगजेबाने गादीवर आल्यावर तो बंद केला.

---

सोनटक्का | २० मार्च, सकाळी १०:४०

सासर काश्मिरी पंडितांचं म्हणून लिहिते. आमच्याकडे नवरेह असतो. तिथी चैत्र शुद्ध प्रतिपदाच, म्हणजे आपला पाडवा. आदल्या रात्री एक थाळ भरून ठेवतात: तांदूळ, त्यावर अक्रोड, दही, मीठ, नाणं, फुलं, लेखणी, आरसा आणि नव्या वर्षाचं पंचांग. सकाळी डोळे उघडताच आधी तो थाळ बघायचा. घरातली एक बाई पहाटे उठून थाळ घेऊन प्रत्येकाच्या उशाशी जाते. मी नवी सून असताना ते काम माझ्याकडे आलं होतं. आरसा, नाणं आणि पुस्तक ही तिन्ही तुझ्या यादीतही आहेत, हे वाचून मजा वाटली. तिथी चांद्र आणि मांडणी मात्र इराणच्या जवळची. केरळच्या विषुक्कणीतही आरसा असतोच म्हणा.

---

टोरांटोकर | २० मार्च, संध्याकाळी ५:५० (भाप्रवे)

आज इथलं तहवील झालं, पहाटे ५:०१ ला! कामावर जायच्या आधी. शेजारचे फारसी मित्र हॉलमध्ये पायजम्यावर कोट घालून बसले होते, व्हिडिओ कॉलवर इस्फहान.

इथे यंग स्ट्रीटच्या उत्तर भागात फेब्रुवारीच्या शेवटापासून जत्रा असते. दुकानांबाहेर सब्ज्याच्या ताटल्या, लाल रिबिनी बांधलेल्या, हायसिंथच्या कुंड्या (वास इतका की शेजारच्या बेकरीतही तोच), समनूचे डबे. आणि आजील, म्हणजे सुकामेव्याचं मिश्रण. मंगळवारी पार्कात आग होती. बाहेर गोठवणारी थंडी, त्यामुळे उड्या कमी आणि शेकणंच जास्त.

सोनमाशांबद्दल एक. आमच्या मित्रांनी ते बंद केलंय. ती प्रथा चीनकडून आलेल्या माशांची, फार जुनी नाही, आणि काचेच्या चिमुकल्या वाडग्यात मासे सणाच्या आतच मरतात. पुष्कळ घरांत आता वाडग्यात नुसतं संत्रं तरंगतं.

---

चिंगी | २० मार्च, संध्याकाळी ६:३०

समनू घरी करता येतं का? साखर न घालता गोड कसं होतं?

---

रानजाई | २० मार्च, रात्री ८:१५

येतं, पण रात्र घालवायची तयारी हवी. गहू भिजवून मोड आणायचे. मोड पांढरे असतानाच थांबायचं, हिरवे झाले की कडू. वाटून, पाणी घालून, फडक्यातून गाळायचं. निघालेल्या दुधात कणीक मिसळून जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवायचं आणि ढवळत बसायचं. सुरुवातीला पिठल्याच्या पाण्यासारखं मचूळ दिसतं, चवही कच्च्या पिठाची, आणि आपण फसलो असं वाटतं. मोडांतला रस कणकेतल्या पिष्टाची साखर करतो, त्यामुळे तासातासाने गोडी वाढत जाते आणि रंग तपकिरी होत जातो. घट्ट झालं की चकाकी येते. चमचा उलटा केला तरी पडत नाही इतपत आटवायचं. तळाला लागलं की सगळं वाया, म्हणून हे काम एकटीचं नाहीच. बायका पाळीपाळीने ढवळतात, गाणी म्हणतात, नवस बोलतात. समनू फातिमाच्या नावाने करून गल्लीत वाटायचीही रीत आहे. ताजिक आणि उझबेक लोकांकडे हेच सुमलक, त्यात ते पातेल्यात धुतलेले गोटे टाकतात म्हणजे तळाला लागत नाही. ज्याच्या वाटीत गोटा येईल त्याची इच्छा पुरी होते म्हणे.

---

हिंगवाला | २१ मार्च, रात्री १२:१०

पूर्वी कामानिमित्त अफगाणिस्तानात राहिलो आहे. तिथे सात सीन नाही, सात मेवा. हफ्त मेवा: बेदाणे, जर्दाळू, अक्रोड, बदाम, पिस्ते, सेंजेद वगैरे सात सुकी फळं पाण्यात भिजत घालायची. बदाम-पिस्त्यांची सालं एकेक करून सोलायची, हे काम घरातल्या सगळ्या पोरांचं. एक-दोन दिवसांत फळांचा गोडवा पाण्यात उतरतो. येईल त्या पाहुण्याला वाटी आणि चमचा. साखर अजिबात नाही. मी आजही घरी करतो, बायकोला जर्दाळू आवडतात म्हणून.

महिन्यांची नावंही वेगळी, राशींची. १ फरवर्दीन नाही, १ हमल, म्हणजे मेष. मजार-ए-शरीफच्या निळ्या मशिदीत त्या दिवशी उंच निशाण उभं करायचे, लाखाने माणूस यायचा, आसपासच्या टेकड्या लाल ट्युलिपने भरलेल्या. तालिबानने १९९६ नंतर बंद केलं होतं, आताही सरकारी सण नाही. घरात लोक मेवा भिजवतातच.

कुर्दांचा नवरोज आणखी निराळा. त्यांच्याकडे तो कावा लोहाराचा दिवस. झह्हाक राजाच्या खांद्यांवर दोन साप, त्यांना रोज तरुणांचे मेंदू लागायचे. कावाने बंड केलं आणि डोंगरावर आग पेटवून बातमी दिली. इराकी कुर्दिस्तानात अक्रे गावी माणसं मशाली घेऊन रांगेने डोंगर चढतात. तुर्कस्तानात या सणावर वर्षानुवर्षं बंदी होती, त्यामुळे तिथे नवरोजची आग म्हणजे उघड राजकारण.

---

रानजाई | २१ मार्च, सकाळी ९:००

हिंगवाला, सुंदर प्रतिसाद. एक बारीक भर: शाहनाम्यात झह्हाकाच्या पाडावाचा संबंध शरद ऋतूतल्या मेहरगान सणाशी आहे. कुर्दांनी ती गोष्ट वसंतात आणली, आणि त्यांच्या दृष्टीने अगदी योग्य जागी आणली.

---

झुंबर | २१ मार्च, दुपारी १:२५

हाजी फिरूजबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? लाल कपडे, तोंडाला काजळी, हातात डफ, सिग्नलला नाचत पैसे मागतो तो. आमच्या ऑफिसमधल्या इराणी सहकाऱ्यांत यावरून दर वर्षी वाद. एक गट म्हणतो, ही आग सांभाळणाऱ्याच्या तोंडाची काजळी. दुसरा म्हणतो, कसली काजळी, इराणच्या आखाती किनाऱ्यावर आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते, इराणात गुलामगिरी १९२९ मध्ये कायद्याने संपली, आणि तो गाण्यात "मालक, जरा हसा की" असं म्हणतो ते कोणाला? मला दुसरं जास्त पटतं. काही कलाकार आता काजळी न लावता येतात. पोरांना तेवढाच आवडतो.

---

चिंगी | ३० मार्च, सकाळी ११:००

सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा! रानजाई, तेराव्या दिवसाचं लिहिणार होतीस. बाकी काढलीस.

---

रानजाई | ३० मार्च, दुपारी ४:४०

तुलाही गं. तर सिझदा बेदर, यंदा २ एप्रिलला. तेरा आकडा अशुभ, म्हणून तो घराबाहेर घालवायचा, असं सांगतात. पहाटेपासून गाड्यांवर चटया, समोवर, कबाबच्या शेगड्या. शहराबाहेरच्या हायवेच्या कडेच्या हिरवळीच्या पट्ट्यावरसुद्धा लोक बसतात. आश म्हणजे शेवया, डाळी आणि पालेभाज्यांची दाट आमटी. लेट्यूसची पानं सेकंजबीनमध्ये बुडवून खातात. हे सेकंजबीन म्हणजे व्हिनेगर, साखर आणि पुदिन्याचा पाक. उन्हात बसून खाल्ल्यावर त्यापुढे कुठलीही कोशिंबीर फिकी.

घरातलं सब्जे सोबत न्यायचं आणि वाहत्या पाण्यात सोडायचं. तेरा दिवसांत घरातली रोगराई त्याने शोषून घेतली अशी समजूत, म्हणून दुसऱ्याच्या सब्ज्याला हात लावायचा नाही. सोडण्याआधी लग्नाळू मुली गवताच्या पात्यांना गाठ मारतात, पुढच्या तेराव्याला नवऱ्याच्या घरी असू दे म्हणून. आमच्या शेजारणीची बहीण पुण्यात शिकायला आली होती. तिने मुठेच्या काठी बसून गाठी मारल्या आणि वर म्हणाली, "नवरा नको, फक्त व्हिसा मिळू दे." चालतं. गाठ कशासाठी, हे कोणी तपासत नाही.

या दिवशी थापा मारायचीही मुभा असते, आपल्या एप्रिल फूलसारखी.

---

दादर_पूर्व | ३० मार्च, संध्याकाळी ६:०५

पुढच्या वर्षी किती वाजता आहे हो पंचांगी?

---

पंचांगी | ३० मार्च, रात्री ८:३०

२० मार्च २०२६, आपल्या रात्री ८:१६ ला. तेहरानला संध्याकाळचे ६:१६. पाडवा आदल्याच दिवशी, १९ ला. २०२७ चा मात्र मध्यरात्र उलटून १:५५ ला आहे, २१ तारखेला, तेव्हा जागायचं नसेल तर पुढच्याच वर्षी साधून घ्या.

---

चिंगी | ३० मार्च, रात्री ९:१०

मग पुढच्या वर्षी मी सब्जे करणारच. गहू कधी भिजवू?

---

रानजाई | ३० मार्च, रात्री ९:२५

थंड हवेत दोन आठवडे आधी. मुंबईच्या उकाड्यात आठ-नऊ दिवस पुरे, त्याहून आधी पेरलेस तर सणापर्यंत पिवळं पडतं. एक रात्र भिजव, मग ओल्या फडक्यात मोड फुटेपर्यंत ठेव, आणि मग पसरट ताटलीत एकाच थरात पसर. थर जाड झाला की खालून बुरशी येते. पाणी ओतू नकोस, शिंपड. मसूर आणखी सोपा, तो पटकन येतो आणि दिसतोही नाजूक.